आयमॅक्स, डॉल्बी, बिगपिक्स की साधा पडदा? पुणेकर प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मोठा सिनेमा लागायचा असला की आठवडाभर आधीपासून ग्रुपवर एकच काथ्याकूट सुरू होतो: बघायचा कुठे? कुणी म्हणतं आयमॅक्सशिवाय अर्थ नाही, कुणी खराडीच्या डॉल्बी सिनेमाला जायचा आग्रह धरतं, आणि एखादा हमखास विचारतो की घराजवळच्या थिएटरात काय वाईट आहे. या तिसऱ्या माणसाची टर उडवली जाते, पण त्याचं म्हणणं वाटतं तितकं चुकीचं नसतं. चित्र कसं दिसणार हे पाटीवरच्या नावापेक्षा प्रोजेक्टरचा उजेड, पडद्यावरचा काळा रंग आणि तुमची खुर्ची यांवर जास्त ठरतं. खालची उत्तरं त्याच हिशेबाने लिहिली आहेत.

प्रीमियम लार्ज फॉरमॅट ही नेमकी काय भानगड आहे?

त्याच मल्टिप्लेक्समधल्या बाकीच्या पडद्यांपेक्षा मोठा पडदा, बरा प्रोजेक्टर, जास्त स्पीकर आणि जास्त तिकीट. धंद्यातली माणसं त्याला पीएलएफ म्हणतात. अमुक फूट रुंदी भरली की पीएलएफ, असा काही कायदा नाही. मालकाला वाटलं तर तो कुठल्याही पडद्याला ही पाटी लावू शकतो.

यात दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. आयमॅक्स आणि डॉल्बी सिनेमा हा पहिला प्रकार. इथे बाहेरची कंपनी यंत्रं देते, हॉल कसा असावा हे सांगते आणि नंतरही लक्ष ठेवून असते. दुसरा प्रकार म्हणजे थिएटरसाखळ्यांचे घरचे ब्रँड: पीव्हीआरचा पी-एक्सएल, आयनॉक्सचा बिगपिक्स, सिनेपोलिसचा मॅक्रो एक्सई. इथे साखळी ठरवेल ती पूर्व दिशा. एकाच नावाच्या दोन पडद्यांमध्ये प्रोजेक्टर निराळा असू शकतो, पडद्याचं वय निराळं असू शकतं. त्यामुळे 'बिगपिक्स चांगला की पी-एक्सएल' या वादाला फारसा अर्थ नाही. कुठल्या मॉलमधला, एवढंच विचारावं.

पुण्यात यातलं काय काय आहे?

जवळपास सगळं, आणि एका बाबतीत तर आपण देशात पहिले आहोत. डॉल्बी सिनेमा या प्रकारातलं भारतातलं पहिलं थिएटर २०२५ साली खराडीच्या सिटी प्राइडमध्ये सुरू झालं. हा प्रकार जगात आला तो २०१४ च्या अखेरीस, नेदरलँड्समध्ये. म्हणजे आपल्याकडे यायला दहा वर्षं लागली, पण आला तो मुंबई-दिल्लीच्या आधी पुण्यात, आणि तोही कोथरूड-सातारा रोडमुळे आपल्याला वर्षानुवर्षं माहीत असलेल्या इथल्याच साखळीत. पुणेकराला मिरवायला एवढं पुरेसं आहे.

आयमॅक्स, स्क्रीनएक्स, ४डीएक्स, साखळ्यांचे मोठे पडदे हे सगळं मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये आहे. कुठल्या मॉलमध्ये काय याची यादी इथे मुद्दाम दिलेली नाही. पडदे बदलतात, नावं बदलतात आणि अशा याद्या सहा महिन्यांत शिळ्या होतात. तिकिटाच्या ॲपवर सिनेमा निवडला की भाषेच्या शेजारी फॉरमॅट लिहिलेला असतो, तोच खरा धरावा.

दारावर डॉल्बी ॲटमॉस लिहिलंय. म्हणजे तेच ना, खराडीसारखं?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ॲटमॉस म्हणजे फक्त आवाज. २०१२ साली आलेली ही पद्धत छतातल्या स्पीकरांसकट जास्तीत जास्त ६४ वाटांनी आवाज खेळवू शकते, आणि पुण्यातल्या कितीतरी पडद्यांना ती आहे. चित्राशी तिचा काही संबंध नाही. ॲटमॉसच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर दहा वर्षांचा जुना असू शकतो. डॉल्बी सिनेमात ॲटमॉस असतोच, त्याशिवाय डॉल्बी व्हिजन या चित्राच्या तंत्राचे दोन लेझर प्रोजेक्टर, काळ्या भिंती आणि आखून दिलेली आसनव्यवस्था असते.

आयमॅक्स म्हणजे आयमॅक्स. त्यात डावं-उजवं काय?

बरंच. या एका नावाखाली गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या गेल्या आहेत.

मूळ आयमॅक्स फिल्मवरचा. १९७० च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनात तो पहिल्यांदा दिसला. ७० मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमध्ये उभी न धावता आडवी धावते आणि एकेक फ्रेम फिल्मच्या कडेच्या १५ छिद्रांएवढी लांब असते. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.४३ ला १, म्हणजे जवळजवळ चौकोनी आणि उंच. पडदाही तसाच उंच लागतो, चार-पाच मजली. हा प्रकार आज जगात मोजक्या ठिकाणी उरलाय. २०२३ मध्ये 'ओपनहायमर' या फिल्मवर जगभर जेमतेम ३० ठिकाणी लागला होता, त्यांत भारतातलं एकही थिएटर नव्हतं. त्या वेळी पुण्यात ज्यांनी 'खऱ्या आयमॅक्समध्ये बघितला' म्हणून स्टेटस ठेवले त्यांचा हिरमोड करायची इच्छा नाही, पण वस्तुस्थिती ही आहे.

दुसरा प्रकार २००८ पासूनचा डिजिटल आयमॅक्स. झेनॉन दिव्याचे दोन २के (चित्राच्या रुंदीत सुमारे दोन हजार ठिपके) प्रोजेक्टर एकावर एक चित्र टाकतात. प्रमाण १.९० ला १. हे प्रमाण मॉलच्या इमारतीत बसतं, कारण मॉलमध्ये छताची उंची मिळत नाही. साध्याच हॉलमधला पडदा थोडा पुढे आणून, कडेपासून कडेपर्यंत ताणून हे आयमॅक्स बनवता येतात, म्हणून ते भराभर वाढले. परदेशात लोकांनी यावरून कंपनीला बरंच धारेवर धरलं होतं.

तिसरा प्रकार लेझरचा. २०१४ नंतर आला, ४के रिझोल्यूशन, जास्त उजेड, आवाजाच्या १२ वाटा. २०१८ पासून एकाच प्रोजेक्टरचा लेझर आयमॅक्सही आला आणि मॉलमध्ये आता बहुधा तोच बसवतात. तिकीट काढताना 'आयमॅक्स' आणि 'आयमॅक्स विथ लेझर' यांतला फरक पाहावा. झेनॉनवाल्या आयमॅक्ससाठी मी जादा पैसे मोजणार नाही, चांगला ४के लेझरचा साधा पडदा जवळ असेल तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र आयमॅक्सच्या बाजूने सांगायला हवी: देखभाल. यंत्रणा रोज स्वतःची तपासणी करते आणि कंपनीचं लांबून लक्ष असतं. दिवा मंदावलाय, एक स्पीकर बंद आहे आणि महिनाभर कुणाच्या गावीही नाही, हे तिथे सहसा होत नाही. साध्या पडद्यावर नेमकं तेच होतं.

आयमॅक्समध्ये खरंच जास्त चित्र दिसतं का?

काही सिनेमांत, आणि त्यातही बहुतेकदा काही प्रसंगांतच.

मोठे सिनेमे साधारणपणे २.३९ ला १ या लांबट प्रमाणात येतात. आयमॅक्सचा पडदा १.९० चा. दिग्दर्शकाने त्यासाठी उंच फ्रेम राखली असेल तर तेवढ्याच रुंदीत सुमारे २६ टक्के जास्त चित्र वर-खाली उघडतं. अशा सिनेमांच्या जाहिरातीत 'फिल्म्ड फॉर आयमॅक्स' असं लिहिलेलं असतं किंवा अमुक मिनिटं वाढीव फ्रेम आहे हे तरी सांगतात. तसं काही नसेल तर सिनेमा फक्त आयमॅक्ससाठी नव्याने साफसूफ करून लावलेला असतो, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या घेऊन बसतो. तिकीट तेच.

म्हणून आयमॅक्स बघायचा निर्णय थिएटरवरून घेऊ नये, सिनेमावरून घ्यावा. वाढीव फ्रेम असेल तर आयमॅक्स, यात दुमत नाही. एरवी पुढचा प्रश्न वाचा.

डॉल्बी सिनेमात असं काय वेगळं दिसतं?

काळं.

हे पटायला जरा वेळ लागतो, कारण आपण मोठेपणा मोजायला गेलेलो असतो. साध्या थिएटरात पडदा कधीच काळा नसतो. रात्रीचा प्रसंग आला की लक्ष देऊन बघा: सावली असते ती राखाडी, त्यात माणसाचे केस आणि मागची भिंत एकमेकांत मिसळलेली. वर-खालच्या ज्या पट्ट्या काळ्या म्हणून सोडलेल्या असतात त्या पुसलेल्या फळ्यासारख्या मळकट दिसतात, कारण प्रोजेक्टर 'काहीच दाखवू नको' म्हटलं तरी थोडा उजेड गाळतच राहतो. साध्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातलं प्रमाण दोन हजारास एकच्या आसपास असतं. डॉल्बी आपल्या यंत्रणेसाठी दहा लाखास एक असा आकडा देते. जाहिरातीचा आकडा म्हणून त्यातलं काही सोडून द्या, तरी उरलेला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. पडदा पूर्ण काळा झाला की हॉलमध्ये पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. पांढऱ्या अक्षरांची नामावली काळोखात तरंगते.

दुसरी गोष्ट उजेड. सिनेमाचं जागतिक मानक १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप). डॉल्बी सिनेमात २डी साठी ते सुमारे ३१ पर्यंत जातं. दुपारचं ऊन, पाण्यावरची चमक, दिव्याची ज्योत यांत ते कळतं.

पण अट आहे. सिनेमाचे रंग डॉल्बी व्हिजनसाठी वेगळे बसवलेले असले पाहिजेत. नसतील तर वाढीव उजेडाचा फायदा मिळत नाही, काळा रंग तेवढा मिळतो. आणि पडद्याचा आकार पाहून छाती दडपून जावी अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. ते काम आयमॅक्सचं.

माझी पसंती विचाराल तर लांबट फ्रेममधला, रात्री-अंधारात घडणारा सिनेमा असेल तर मी कोथरूडहून खराडीपर्यंतचं ट्रॅफिक सोसायला तयार आहे. हे वाक्य पुण्यात राहणारा माणूस सहज लिहीत नाही.

२के आणि ४के मधला फरक दिसतो का, की नुसती जाहिरात?

तुम्ही कुठे बसता त्यावर आहे. थोडं गणित करू, अवघड नाही.

धडधाकट नजरेला एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे दिसू शकतात. त्यापेक्षा दाट असले तर डोळ्याला फरक नाही. २के चित्रात रुंदीत २०४८ ठिपके असतात, ४के मध्ये ४०९६. समजा पडदा १८ मीटर रुंद आहे आणि तुम्ही पडद्यापासून १८ मीटरवर बसलात. पडदा तुमच्या नजरेचे ५३ अंश व्यापतो. २के असेल तर अंशाला ३९ ठिपके येतात, म्हणजे अक्षरांच्या तिरप्या कडा, केसांची टोकं किंचित खरबरीत दिसणार. ४के असेल तर ७७, म्हणजे गुळगुळीत. आता मागे सरका, ३६ मीटरवर, शेवटच्या रांगेत. २के चेच अंशाला ७३ ठिपके झाले. इथून ४के साठी पैसे मोजणं म्हणजे चष्मा न लावता ऑप्टिशियनची पाटी वाचणं.

आणखी एक मेख: अनेक सिनेमे, विशेषतः भरपूर व्हीएफएक्स असलेले, मुळात २के मध्येच पूर्ण केलेले असतात. तो सिनेमा ४के प्रोजेक्टरवर लावला म्हणून नवा तपशील आकाशातून पडत नाही. उजेड आणि काळ्या रंगाचा फरक मात्र शेवटच्या रांगेतूनही दिसतो. म्हणून आधी तो बघावा, ठिपके नंतर मोजावेत.

सगळे 'लेझर, लेझर' करतात. त्यात काय विशेष?

जुन्या प्रोजेक्टरमध्ये झेनॉनचा दिवा असतो. नवा असतो तेव्हा झकास, पण तास वाढतील तसा मंदावत जातो, आणि नवा दिवा महाग असल्यामुळे तो बदलायची घाई कुणाला नसते. लेझर कितीतरी जास्त तास टिकतो आणि त्याचा उजेड हळूहळू उतरतो. ग्राहकाच्या दृष्टीने लेझरचा मोठा गुण हाच की थिएटरवाल्याच्या चिक्कूपणाला वाव कमी.

लेझरमध्येही दोन तऱ्हा. स्वस्तातला लेझर-फॉस्फर, ज्यात निळ्या लेझरने एक पिवळं चाक उजळवून बाकीचे रंग काढतात. आणि लाल-हिरव्या-निळ्या वेगवेगळ्या लेझरचा, ज्यात रंग अधिक गडद आणि शुद्ध मिळतात. दुसऱ्या तऱ्हेत कधीकधी एकरंगी आभाळात बारीक चकचकीत दाणे दिसतात. दिसले तर डोळे तपासायला जाऊ नका, तो लेझरचाच गुण आहे. पहिल्या काही रांगांत जास्त जाणवतो.

३डी मध्ये बघावा का?

माझं उत्तर बहुतेक वेळा नाही. एका वेळी एकाच डोळ्याला चित्र, त्यात फिल्टर, त्यावर चष्म्याची काच. १४ फूट-लॅम्बर्टचे चार-पाच उरतात. दिवाळीत घर उजळून काळा गॉगल लावल्यातला प्रकार. लेझरच्या मोठ्या पडद्यांवर परिस्थिती बरीच बरी असते, डॉल्बी सिनेमात तर ३डी लाही १४ राखायचं उद्दिष्ट आहे. सिनेमा मुळातच ३डी कॅमेऱ्याने चित्रित केलेला असेल आणि असा पडदा मिळत असेल तर जरूर जा.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी ३डी चा चष्मा त्यावर बसतो का ते जाहिराती चालू असतानाच बघून घ्यावं आणि नसेल बसत तर बदलून मागावा. काचेवर आधीच्या प्रेक्षकाच्या पॉपकॉर्नचं लोणी हमखास असतं; रुमाल हवा.

जाता जाता: ३डी साठी अनेक ठिकाणी चंदेरी पडदा लावतात. त्यावर २डी सिनेमा बघितला की मध्यभाग झगझगीत आणि कडा उतरलेल्या दिसतात, बाजूच्या खुर्चीवरून तर जास्तच. अशा हॉलमध्ये कोपऱ्यातलं तिकीट घेऊ नये.

कुठली रांग धरावी?

इथे आपली जुनी सवय आड येते. नीलायम, अलका, विजय असल्या टॉकीजमध्ये वाढलेल्या पिढीला बाल्कनी म्हणजे मानाची जागा आणि पुढचा स्टॉल म्हणजे शिट्ट्यांची. मल्टिप्लेक्सवाल्यांनी ही समजूत तशीच उचलली: सगळ्यात मागे रिक्लायनर, सगळ्यात जास्त भाव. पडदा छोटा असेल तर ठीक. पण मोठ्या पडद्याचे पैसे भरून शेवटच्या रांगेत बसलं की पडदा नजरेत ३० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे साध्या हॉलमध्ये मधे बसल्यावर येतो त्याहूनही कमी. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

ढोबळ हिशेब असा की पडद्याच्या रुंदीएवढं ते दीडपट अंतर चांगलं. आयमॅक्समध्ये हॉलच्या निम्म्यापासून दोन-तीन रांगा मागे, बरोबर मध्यभागी. डॉल्बी सिनेमात किंवा मोठ्या साध्या पडद्यावर त्याहून एखादी रांग मागे चालेल. मध्यभाग सुटू देऊ नका. दोन रांगा पुढे-मागे चालतात, पण सहा खुर्च्या बाजूला सरकल्यावर आवाजही एका अंगाला कलतो. रांगेच्या अक्षरावर विसंबू नका. कुठे ए पुढे असतो, कुठे मागे. आराखड्यावर पडदा कुठल्या बाजूला काढलाय ते बघा.

आणि गंमत म्हणजे या सगळ्यात चांगल्या खुर्च्या बहुतेक वेळा मधल्या दरातल्या असतात.

आई-बाबांना घेऊन जायचंय. आयमॅक्स झेपेल का?

चित्र झेपेल, आवाज कदाचित नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसालाही मोठा आवाज त्रासदायक होऊ शकतो. दुभिंगी चष्मा असेल तर उंच पडद्यावर मान वर-खाली करून त्रास होतो. त्यांच्यासाठी रांग दोन-तीनने मागे घ्या, कडेची खुर्ची घ्या आणि हॉलचं दार कुठल्या मजल्यावर उघडतं ते आधी विचारा. काही हॉलमध्ये वरून आत जाता येतं आणि अंधारातल्या पायऱ्या चढणं वाचतं.

स्क्रीनएक्स आणि ४डीएक्स चित्राच्या दृष्टीने कसे?

चित्राच्या दृष्टीने विचारत असाल तर विचारूच नका. स्क्रीनएक्समध्ये बाजूच्या भिंतींवरही चित्र येतं, २७० अंशांपर्यंत. पण ते सिनेमाभर नसतं आणि भिंतीवरचं चित्र पडद्यापेक्षा मंद दिसतं. ४डीएक्समध्ये खुर्ची हलते, पाणी उडतं. दोन्ही कोरियन कंपनीची देणगी. भाच्यांना न्यायला उत्तम.

आमच्या वेळी ७० एमएम होतं. आयमॅक्स म्हणजे तेच का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी राहुल सेव्हन्टी एमएमच्या रांगा पाहिलेल्या असतात, तेव्हा आदराने उत्तर देतो. फिल्मची रुंदी तीच. पण तेव्हाची ७० एमएम फ्रेम उभ्या धावणाऱ्या फिल्मवर पाच छिद्रांएवढी होती. आयमॅक्सची आडवी, पंधरा छिद्रांची, क्षेत्रफळाने साधारण तिप्पट. शिवाय आपल्याकडचे बरेच ७० एमएम सिनेमे मुळात ३५ एमएमवर चित्रित करून मोठे केलेले होते. 'शोले' सुद्धा. म्हणजे छोटं चित्र मोठं करून प्रीमियम म्हणून विकायची पद्धत काही मॉलवाल्यांनी शोधलेली नाही. पण 'शोले' बघताना कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, हेही तितकंच खरं.

मराठी सिनेमाला हे पडदे मिळतात का?

क्वचित. मोठा पडदा शुक्रवारी सगळ्यात जास्त गल्ला देणाऱ्याला जातो आणि त्या रांगेत मराठी सिनेमा मागे उभा असतो. हे दुखणं जुनं आहे, इथे उगाळत नाही.

चित्रापुरतं बोलायचं तर आजचे मराठी सिनेमे चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर होतात आणि रंगांचं कामही नीट झालेलं असतं. त्यांचं नुकसान फॉरमॅट न मिळाल्याने होत नाही, ते होतं सगळ्यात छोट्या हॉलमध्ये मंदावलेल्या दिव्यासमोर लावल्याने. संध्याकाळचा घरातला प्रसंग, कंदिलाचा उजेड, आणि पडद्यावर नुसता चॉकलेटी काळोख. कॅमेरामनने काय केलं होतं ते कळायला मार्ग नसतो. त्यामुळे मराठी सिनेमासाठी दोन-तीन थिएटरांचा पर्याय असेल तर लेझरवालं निवडा, मग पडदा छोटा का असेना.

चांगला पडदा ओळखायचा कसा? आम्हाला यंत्रातलं कळत नाही.

कळायची गरज नाही. जाहिराती चालू असताना चार ठिकाणी नजर टाका. पांढरा भाग पांढरा आहे की पिवळट. पडद्याचे चारही कोपरे मध्याइतकेच उजळ आहेत का. अक्षरांच्या कडा धारदार आहेत की भोवती लाल-निळी झालर आहे. आणि दोन जाहिरातींच्या मधल्या क्षणभराच्या अंधारात पडदा किती काळा होतो. मग खाली बघा. पायऱ्यांच्या दिव्यांचा आणि बाहेर जायच्या हिरव्या पाटीचा उजेड पडद्याच्या खालच्या कडेवर सांडत असेल तर प्रोजेक्टर कितीही महागडा असो, काळा रंग मिळणार नाही. डॉल्बी सिनेमात भिंती काळ्या ठेवतात त्या याच कारणासाठी.

असा एखादा हॉल पसंत पडला की त्याचा पडदा क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या वेळी सिनेमासोबत हॉलही निवडता येतो, कारण तिकिटावर क्रमांक असतो. माझ्या मते पुण्यात चांगलं चित्र बघायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

चित्र बिघडलेलं दिसलं तर कुणाला सांगायचं?

दाराशी उभ्या असलेल्या मुलाला, आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत. प्रोजेक्टरच्या खोलीत आता सहसा माणूस नसतो, शो आपोआप लागतात. आपण सांगितलं नाही तर कुणाला कळतच नाही.

शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा सुरू झाला तेव्हा सबटायटलची खालची ओळ पडद्याच्या कडेखालच्या काळ्या कापडावर पडत होती. अक्षरांची डोकी पडद्यावर, पाय कापडावर. लोक एकमेकांकडे बघत होते, उठत कुणी नव्हतं. शेवटी एक काकू बाहेर गेल्या. दाराजवळच्या मुलाने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं, दोन मिनिटांनी मागून मोटर फिरल्यासारखा आवाज आला आणि चित्र सरसर आकसून चौकटीत बसलं. लेन्सचं चुकीचं सेटिंग लागलं होतं, एका बटणाचं काम. काकू परत आल्या तेव्हा टाळ्या मिळाल्या.

'चित्र अंधुक आहे' एवढंच सांगितलं की 'सिनेमाच तसा आहे मॅडम' असं उत्तर येतं. नेमकं सांगा: डावा कोपरा काळा आहे, फोकस नाही, अक्षरं कापली जात आहेत. ड्यूटी मॅनेजरला बोलवा म्हणावं, आवाज न चढवता. दुरुस्त होत नसेल तर दुसऱ्या शोचं तिकीट मागा. मध्यंतरानंतर मागितलं तर देणार नाहीत.

घरचा ओएलईडी टीव्ही याहून चांगला नाही का?

काळ्या रंगात हो, आणि उजेडातही. सिनेमाचं ते १४ फूट-लॅम्बर्टचं मानक टीव्हीच्या मापात जेमतेम ४८ निट्सचं, टीव्ही सहज कितीतरी पट जातो. पण पूर्ण अंधारात डोळा सरावला की ४८ निट्स भरपूर वाटतात, आणि दिवाणखान्यात कुकरची शिट्टी असते. साध्या, मंदावलेल्या पडद्यापेक्षा घर बरं, यात मात्र शंका नाही.

एवढे पैसे द्यावेत का?

मोठ्या पडद्याचं तिकीट साध्याच्या दीडपट-दुप्पट तरी जातंच. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्क्यांवर आला तो १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटांचा, त्यामुळे या पडद्यांना त्याचा उपयोग नाही. ॲपची सुविधा फी वेगळी. चौघांचं कुटुंब पॉपकॉर्नसकट गेलं की आकडा काय होतो ते तुम्हाला माहीत आहे.

मी असं करतो: वाढीव फ्रेमचा सिनेमा असेल तर लेझर आयमॅक्स, रंग आणि अंधारावर जीव असलेला सिनेमा असेल तर डॉल्बी, बाकी सगळं ओळखीच्या लेझर हॉलमध्ये मधली रांग धरून. विनोदी, कौटुंबिक, संवादांवर चालणारा सिनेमा आयमॅक्समध्ये बघण्यात काहीच मिळत नाही. नायिकेच्या कानातलं दोन मजल्यांएवढं दिसतं, एवढंच. सकाळचा शो घेतला तर तोच पडदा पुष्कळ स्वस्तात मिळतो.

जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायचे असतील तर?

लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयाचे कार्यक्रम आणि जानेवारीच्या सुमारास होणारा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, यांच्यावर लक्ष ठेवा. जुन्या सिनेमाची जवळजवळ चौकोनी फ्रेम वर-खाली न कापता दाखवली जाईल, याची शक्यता तिथे जास्त. मॉलमध्ये पुन्हा प्रदर्शित होणारे जुने सिनेमे '४के' म्हणून येतात. मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेला असेल तर ते अप्रतिम दिसतात, मोठ्या पडद्याला पुरून उरतात. जुन्या प्रिंटवरून केलेला असेल तर मोठ्या पडद्यावर ओरखडेही मोठे दिसतात.

खराडीला मेट्रोने जाता येईल का?

वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. जाताना हे सगळ्यात सोयीचं, विशेषतः शनिवारी संध्याकाळी नगर रोडची अवस्था बघता. रात्रीचा शेवटचा शो असेल आणि सिनेमा तीन तासांचा असेल तर परतीची मेट्रो मिळणार नाही. रिक्षा ॲपवरच बोलवा, थिएटरबाहेर उभे असलेले मीटरने येत नाहीत.